उजेड मोजता मोजता

मी एक जुना प्रकाशमापक आहे. खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या फोटो स्टुडिओत सगळे मला नुसतं 'मीटर' म्हणत. फोटोग्राफर पंढरीकाका मला गिऱ्हाइकाच्या गालाजवळ धरत आणि चेहऱ्यावर किती उजेड पडतोय ते माझी सुई दाखवी. लोकांना वाटे, ताप बघतायत! माझी मोठी ऐट होती.

पण मित्रांनो, लग्नाची मुलगी आली की ती ऐट उतरायची. आया काकांच्या कानाशी लागत, "जरा उजळ काढा हो." मग काका माझी सुई धाब्यावर बसवून कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड जास्त उघडत. सावळी पोर फोटोत पिठात लोळल्यासारखी दिसे. मला फार राग यायचा.

१९८४ साली कोलशेतच्या शेवंतीचा फोटो असाच निघाला. पाहुणे आले, ती पोहे घेऊन पुढे झाली, तर मुलाची आई म्हणाली, "फोटोतल्या मुलीला बोलवा ना." जमत आलेलं लग्न तिथेच फिसकटलं.

शेवंतीने तो फोटो आणून काकांपुढे ठेवला. सोबत आई आवडाबाई आणि गोरीपान चुलतबहीण जया होती.

"काका, ही कोण?"

"अगं, तूच की!"

"मग पाहुणे मला सोडून हिला का शोधत होते? आता मी आहे तशी काढा."

आवडाबाई रडवेल्या झाल्या. "आनि कोनी हो बोललाच नाय तं?"

"नाय तं नाय, आये. पन येल तो माजेसाठी येल."

जयाला माझी गंमत वाटली. तिने मला आपल्या गालाशी धरायला लावलं, मग शेवंतीच्या. सुई तिथल्या तिथे!

"दोघींचं सारखं कसं?"

"अगं, हा पडणारा उजेड मोजतो. तो दोघींवर सारखाच," काका बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले.

या खेपेला त्यांनी माझं ऐकलं. काय तजेलदार उतरली शेवंती! तिला विचारून काकांनी तो फोटो दर्शनी काचेत लावला. पुढे कुणी 'उजळ काढा' म्हटलं की ते तिकडे बोट दाखवत. काही आया फणकारून निघून जात, बऱ्याच जणी थांबत.

पुढे मोहने गावचा गुणाजी तोच फोटो पाहून, काकांना नाव-गाव विचारून कोलशेतला गेला. शेवंती अंगणात भांडी घासत होती. "शेवंती तुम्हीच ना?" त्याने फाटकातूनच विचारलं. लग्नानंतर जोडीचा फोटो काढायला आली तेव्हा हे सांगताना ती केवढी हसत होती!

आता कॅमेऱ्याच्या पोटातच मीटर असतो. मी खणात पडून असतो, सुईही अडकते. कधी कधी वाईट वाटतं. पण मित्रांनो, माझं एवढं मागणं ऐका. कुणाकडे बाळ बघायला गेलात, तर 'रंग कुणाचा घेतलाय?' असं विचारू नका. 'नाव काय ठेवलं?' असं विचारा, आणि त्याच नावाने त्याला हाक मारा.