नोकरीला लागलेली रोझलिन

सरकारी केंद्राचा शिपाई सायकल ढकलत वाडीत शिरला तेव्हा रोझलिन केळीला टेकू बांधत होती. केळ्यांचं लोंगर जड झालं होतं, झाड वाकलं होतं. केळीच्याच वाळक्या सोपटाची दोरी, तिला दोन वेढे आणि वर एक गाठ. वसईत होळी बाजाराकडच्या वाड्यांतल्या मुलींना ही गाठ कोणी शिकवत नाही. आधी चालायला येतं, मग ही गाठ, मग शाळा.

"गुरुवारी नऊ वाजता केंद्रावर या," शिपाई म्हणाला. "साडी नेसून. मुंबईहून समिती येतेय, आमदारांची. बेरोजगारांना शिकवायला सरकारनं दिलेल्या पैशाचं काय झालं ते बघायला."

"अहो, मी शिकून बाहेर पडले त्याला चौदा महिने झाले."

"जुन्या मुलींनाही बोलावलंय साहेबांनी. जी येईल तिचं कुठेतरी लावून देतो म्हणालेत."

विहिरीवरून आग्नेसबाय ओरडली, "नोकरीचं आलं का गो?"

"नाय आये, बघायला येणारेत!"

"कोणाला? तुला?"

"सरकारला!"

आग्नेसबायने कपाळाला हात लावला. मुलगी सत्ताविशी पार करून बसलेली, आणि बघायला येतात ते सरकारला!

रोझलिन मॅट्रिक झाली त्याच वर्षी बाबाने, ॲन्सेल्मने, तिला जिल्ह्याच्या नावनोंदणी कचेरीत नेलं होतं. तिथे मिळालेलं पिवळं कार्ड ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायची आणि कचेरीच्या कामाला निघाली की पर्समध्ये. कार्डावर नंबर. नंबर म्हणजे रांग, आणि रांग दहा वर्षं पुढे सरकत होती. अठ्ठावीस पूर्ण झाली की सरकारी नोकरीचं दार बंद. तिच्या मागून नाव नोंदवलेल्या आळीतल्या दोघींना गेल्या वर्षात मुलाखतीचे कॉल आले, एक तर टेलिफोन खात्यात लागलीसुद्धा. रोझलिनला मात्र कॉल नाही. सोमवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ती सेंट अँथनीपुढे मेणबत्ती लावायची आणि मनात म्हणायची, हरवलेलं सगळं तू शोधून देतोस म्हणतात, माझा कॉल कुठे पडलाय तेवढं बघ.

केंद्र गोखिवऱ्याला होतं. सिमेंटच्या पत्र्याची शेड, बाहेर ही मोठी पाटी: सुशिक्षित बेरोजगार महिला प्रशिक्षण केंद्र. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. शिकवायचं होतं ते मोटारी भरायचं काम, म्हणजे पंख्याची, पंपाची मोटार जळाली की आतली तार काढून नवी गुंडाळायची. गोखिवऱ्याच्या कारखान्यांत या कामाला बायकांची बोटं हवी असतात म्हणे. रोझलिन पहिल्याच तुकडीत हौसेने गेली होती. सहा महिन्यांत तांब्याची तार काही आली नाही. व्हिन्सेंट मास्तर, मुंबईच्या वर्कशॉपमध्ये जन्म घालवलेला माणूस, स्वतःच्या घरून एक जळकी मोटार घेऊन आले आणि बाजारातून सुतळीचा गुंडा. "तार येईपर्यंत यावर हात बसवा, बायांनो," म्हणाले. मुली सुतळी गुंडाळत राहिल्या. सुतळी तुटली की गाठ, पुन्हा वेढे. तारेऐवजी सहाव्या महिन्यात आलं ते प्रमाणपत्र. ते घेऊन ती तीन वर्कशॉप फिरली. मालकांनी केंद्राचं नाव वाचूनच हात जोडले.

तरी गुरुवारी ती गेली. लावून देतो म्हटल्यावर कोण जाणार नाही?

केंद्रप्रमुखांचं नाव हरिश्चंद्र. आईबापांनी किती आशेने ठेवलं असेल! शेडमध्ये तीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि चालू तुकडीच्या मुली होत्या अकरा. उरलेल्या जागा भरायला रोझलिनसारख्या नऊ जुन्या मुली आणि साहेबांच्या मेहुणीसकट दहा अशाच कुठून कुठून गोळा केलेल्या. साहेब प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी देत होते.

"तू डेल्फिन लोपीस. विचारलं की हेच सांगायचं."

"डेल्फिन कोण, साहेब?"

"होती एक. आठ दिवस आली नि लग्न करून गेली. पण हजेरीपटावर आहे ना!"

जूचंद्रच्या आगऱ्यांची मथुरा रोझलिनच्याच तुकडीतली. तिने आपली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "मला कोन केलंय, साहेब?"

"हिल्डा."

"या एवढ्या कुंकवासकट?"

"मग आजच्या दिवस पूस."

मथुराची मान ताठ झाली. "कुंकू पुसायचं नाय जमनार. समितीला सांगा, हिल्डानं आगऱ्यात लगीन केलंय."

मुली खुदकन हसल्या. साहेब हसले नाहीत.

टेबलांवर सहा नव्या मोटारी होत्या आणि तारेची रिळं, शेजारच्या वर्कशॉपमधून दिवसाच्या बोलीवर आणलेली. "हात कमी लावा, संध्याकाळी परत द्यायचंय," साहेब बजावत होते. रोझलिनने तरी रिळाला बोट लावलं. केसासारखी बारीक, नव्या घागरीच्या रंगाची तार. सहा महिने जिच्यासाठी रोज सात मैल सायकल हाणली ती ही. एखाद्या नात्यातल्या बाईला पहिल्यांदा भेटावं आणि ती दुसऱ्याच्या घरची पाहुणी निघावी, तसं तिला झालं. व्हिन्सेंट मास्तर कोपऱ्यात उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मास्तरांची नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची, घरी आजारी बायको.

नऊची समिती दीडला आली. पाच आमदार, त्यांत एक बाई. एक अध्यक्ष, खाली मान घालून लिहिणारा एक लघुलेखक. हार झाले, नारळ झाले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पुढे आणखी दोन केंद्रं होती.

"एखादं प्रात्यक्षिक होऊ द्या," धोतर-टोपीतले एक वयस्क आमदार म्हणाले.

साहेबांनी घाईघाईत सगळ्यांत नीटनेटकी दिसणारी मुलगी निवडली. "डेल्फिन, ये."

रोझलिन क्षणभर बसूनच राहिली, मग आठवलं की डेल्फिन आपणच. तिने रीळ घेतलं. वेढे सुरेख पडू लागले. हात बसलेलाच होता. पण सुतळी ओढून घट्ट करावी लागते, तशी तिने तार ओढली आणि तार तटकन तुटली. तिला कळायच्या आत तिच्या बोटांनी दोन्ही टोकं जुळवून गाठ मारली. वाडीतली, केळीची, पक्की गाठ.

म्हातारे आमदार पुढे वाकले. "पोरी, तारेला गाठ? माझ्या विहिरीवरची मोटार तीनदा जळलीय, म्हणून एवढं मला कळतं. टोकं खरवडायची, पीळ द्यायचा, वर कथलाचा डाग द्यायचा. गाठ मारलीस तर बटण दाबताच धूर निघेल की!"

कोणीतरी मोठ्याने हसलं. मग सगळेच. रोझलिनचे कान तापले. तिला हसणाऱ्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त आपल्या बोटांचा आला, आणि लगेच बोटांची दयाही आली. त्यांना जे दिलं तेच ती बिचारी शिकली.

"नवीन मुलगी आहे साहेब, दुसराच महिना," हरिश्चंद्र साहेब घाम पुसत म्हणाले. "आमचं काम पाहायचं तर पहिली तुकडी पाहा. तीसच्या तीस मुली नोकरीत! ही यादी. नावनोंदणी कचेरीलासुद्धा पाठवलीय, म्हणजे त्यांच्याकडचाही बेकारीचा आकडा तेवढा कमी झाला."

"वाचा एखाद-दोन नावं," आमदारबाई म्हणाल्या.

साहेब वाचू लागले. "चंद्रकांता पाटील, मोटार कारखाना, गोखिवरे. धोंडूबाई म्हात्रे, तोच कारखाना. रोझलिन ॲन्सेल्म मच्याडो, तोच कारखाना, कायम."

रोझलिनच्या हातात अजून ती गाठ होती. पहिल्यांदा तिला वाटलं, दुसरी कोणी असेल. मग वाटलं, ॲन्सेल्म मच्याडोची दुसरी रोझलिन वसईत कुठून येणार? आणि मग चौदा महिने डोळ्यांसमोरून गेले. न आलेले कॉल, मागून पुढे गेलेल्या त्या दोघी, जळून गेलेल्या मेणबत्त्या. बिचारा सेंट अँथनी तरी कुठे शोधणार होता? कॉल हरवलाच नव्हता. नोकरीवर असलेल्या बाईला कॉल कोण पाठवतं?

"ती मी," ती म्हणाली.

"डेल्फिन, जागेवर जा."

"मी डेल्फिन नाही. मी रोझलिन मच्याडो. मला कुठेच नोकरी नाही." आवाज फाटला, पण थांबला नाही. "हे माझं कार्ड. दहा वर्षं मी या नंबरावर थांबलेय. नोकरी दिली नाहीत ते राहू द्या, तार दाखवली नाहीत तेही राहू द्या. पण रांगेतून मला उचलून बाहेर कोणी ठेवलं? मला विचारलं होतं?"

"साहेब, मुलगी जरा डोक्यानं..." हरिश्चंद्र साहेब सुरू झाले.

"डोक्यानं आमी सगल्याच," मथुरा उठली. "मी हिल्डा नाय. मी मथुरा. वाचा माझं नाव, मी कुठं कामाला हाय ते मलाबी कलू द्या."

साहेबांनी यादी छातीशी धरली. म्हाताऱ्या आमदारांनी ती अलगद काढून घेतली आणि मथुराचं नाव वाचलं. यादीत तिला साहेबांनी सुपरवायझर केलं होतं. जुन्या नऊही जणी एकेक करून उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "हे पाहा, तक्रार लेखी द्या. समिती योग्य तो विचार करील."

"लेखी नंतर," आमदारबाई लघुलेखकाकडे वळल्या. "आधी बोलतायत ते उतरवून घ्या. मास्तर, तुम्ही शिकवता ना? पहिल्या तुकडीला किती तार मिळाली?"

रोझलिनला वाटलं, मास्तरांनी आता गप्प राहिलं तरी मी त्यांना दोष देणार नाही.

"एक वीतसुद्धा नाही, बाई," व्हिन्सेंट मास्तर म्हणाले. "मी सुतळीवर शिकवलं. ती गाठ तिची नाही, माझी आहे."

आठ दिवसांनी रोझलिन जिल्ह्याच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनाने रजिस्टर उघडून तिच्या नंबरावरची तांबडी रेघ दाखवली.

"तुम्ही नोकरीला लागलात म्हणून नाव कमी झालं. आता नोकरी सोडल्याचा दाखला आणा, नवीन नंबर देतो. आजच्या तारखेचा."

"न लागलेली नोकरी सोडू कशी?"

"ते मला काय माहीत? नियमात सोडल्याचा दाखला लागतो."

दोनच दिवसांत तो शिपाई पुन्हा वाडीत हजर. साहेब कारखान्याच्या मालकाकडून दाखला मिळवून द्यायला तयार होते. रोझलिनने फक्त लिहून द्यायचं, की स्वखुशीने काम सोडलं.

"दे ना लिहून," आग्नेसबाय म्हणाली. "नंबर तर मिळेल."

"शेवटचा नंबर, आये. आणि वर मीच नोकरीला लाथ मारली असं ठरेल. यांनी खोटं लिहिलं नि ते खरं करायला मी सही करू?"

ॲन्सेल्म गवताचा भारा टाकत म्हणाला, "शिपायाला पाणी दे आणि वाटेला लाव." एवढंच. पण बाबा एवढं बोलला म्हणजे पुष्कळ बोलला.

तिने फुलस्केप कागदावर सगळं लिहिलं, नऊ जणींनी आपापल्या नावाने खाली सह्या केल्या, आणि कागद रजिस्टर पोस्टाने समितीला गेला. दरम्यान मास्तरांचे अकरा महिने संपले आणि पुढचे अकरा मिळाले नाहीत. रोझलिन त्यांच्या घरी गेली तर म्हणाले, "रडतेस काय? दुपारी मोकळा असतो आता. माझी जुनी तार आहे थोडी, मथुरालाही आण." ओटीवर त्यांनी दोघींना टोकं खरवडायला, डाग द्यायला शिकवलं. पंधरा दिवसांत शिकवून झालं. सरकारला सहा महिन्यांत जे जमलं नाही ते.

समितीचा अहवाल हिवाळी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवला गेला. आमदारबाईंनी त्यातली दोन पानं आठवणीने पोस्टाने पाठवली. रोझलिनने ती घरात उभ्याने वाचली. समितीने तीव्र नापसंती व्यक्त केली होती. तार खरेदीची चौकशी व्हावी. यादी 'वस्तुस्थितीशी विसंगत' आढळली. केंद्रप्रमुखांची बदली झाल्याची नोंद घेण्यात आली. शब्द न् शब्द खरा. तिने दोन्ही पानं पुन्हा पाहिली, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. मुलींचे नंबर परत द्या, असं कुठेच नव्हतं.

तिच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला सात आठवडे उरले होते.

सोमवारी नऊही जणी कचेरीत गेल्या. रोझलिनने ती पानं खिडकीतून आत सरकवली.

"विधिमंडळ म्हणतंय यादी खोटी होती. आता ती तांबडी रेघ खोडा."

कारकुनाने वाचलं, सावकाश. वाईट माणूस नव्हता. "बाई, हे ठीक आहे. पण आम्हाला तसा आदेश नाही. नवीन नंबर हवा तर आत्ता देतो, दाखल्याशिवाय देतो."

"नवीन नको. माझा द्या."

"तो कसा देऊ?"

"मग आदेश मागवा. आम्ही बसतो."

भिंतीशी एकच बाक होता. पाच जणी बाकावर, चौघी खाली फरशीवर. मथुराने चटणी-भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं, म्हणजे दुपारपुरता विचार करूनच आली होती. खिडकीपुढची रांग वळून वळून पाहू लागली. पाच वाजता शिपाई खिडक्या लावायला आला, बायका हलेनात. कारकून आत आपल्या साहेबांकडे गेला. दार अर्धवट उघडं होतं, बोलणं बाहेर ऐकू येत होतं.

"साहेब, नऊ बाया बसल्यात. उठत नाहीत."

"कोण आहेत? बेकार आहेत का?"

"नाही साहेब. आपल्या रजिस्टरात सगळ्या नोकरीला आहेत."

साहेबांचा आवाज, खरोखरच गोंधळलेला, "मग सोमवारी कामावर जायचं सोडून इथे काय करतायत?"

फरशीवरच्या चौघींपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. रोझलिन हसली नाही. ती उठली, अर्धवट उघडं दार पूर्ण उघडलं आणि आत गेली. मागोमाग आठ जणींच्या वहाणांचा आवाज आला.