विचारलं ते बरं झालं

मला अंपायर केलं ते माझ्या दिरांनी. त्यांच्या जोडीदार अंपायरची कंबर धरली होती आणि मुलांचे बेसबॉलचे सामने तर दर रविवारी ठरलेले. "वहिनी, तुम्ही लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसता. इथे तर केवढा मोठा चेंडू आहे!" म्हणाले. मी हसले आणि फसले.

तीन सामने मी बेसपाशी काढले. चौथ्याला भावजींनी मला होम प्लेटमागे, म्हणजे जिथे पोचलं की एक रन, तिथे उभं केलं आणि स्वतः बेसकडे गेले. बारा वर्षांखालची मुलं. शेवटचा डाव, दोन बाद आणि तिसऱ्याला खेळ खलास, बेकरीवाल्यांचा संघ एका रनने मागे. तिसऱ्या बेसवरून त्यांची एक मुलगी सुसाट निघाली आणि घसरत प्लेटवर आली. कॅचरने वाकून तिला चेंडू लावला. धुरळा उडाला. मी मूठ उगारून ओरडले, "आउट!"

सामना संपला म्हणून एका बाजूची मुलं नाचायला लागली. पडलेली मुलगी मात्र उठेना. "चेंडू सुटला होता," ती म्हणाली, तेही माझ्याकडे न बघता, जमिनीला सांगितल्यासारखं.

तिच्या संघाचे कोच, म्हणजे बेकरीवाले, माझ्याकडे यायला निघाले. अंगाने आडवे, आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा.

समोर येऊन ते हळूच म्हणाले, "ताई, आउट की सेफ हे तुमच्या नजरेवर आहे. त्यावर मला वाद घालता येत नाही. पण दिसलं नसेल तर जोडीदाराला विचारायची मुभा नियमातच आहे. दिसलं होतं का?"

खरं सांगायचं तर नव्हतं दिसलं. कॅचरची पाठ मध्ये आली होती. लागलेला हात दिसला, चेंडू मी गृहीत धरला. पण एवढ्या लोकांसमोर कबूल कसं करायचं? लॅबमध्ये शंका आली की नमुना पुन्हा तपासते, तेव्हा नाही लाज वाटत. मग इथेच कसली?

मी भावजींना बोलावलं.

"चेंडू कॅचरच्या गुडघ्यामागे पडला होता," ते म्हणाले. "नंतर उचलला तिने."

"मग बोलला का नाहीत?"

"निर्णय तुमचा, वहिनी. विचारल्याशिवाय मी कसा बोलणार?"

मी दोन्ही हात पसरले. "सेफ!"

समोरच्या संघाच्या पालकांनी एकच गिल्ला केला. बेकरीवाले त्यांच्याकडे वळून गरजले, "ओरडायचं तर माझ्यावर ओरडा! विचारा म्हणून मीच म्हणालो!"

बरोबरी झाली, जादा डाव झाला, आणि त्यात त्यांचाच संघ दोन रनांनी हरला. मी मास्क काढत होते तेव्हा ते आले.

"मीही सहा वर्षं अंपायर होतो," ते म्हणाले. "मला कुणी कधी विचारलं नाही, नुसतेच ओरडले. शेवटी सोडलं. तुम्ही सोडू नका."

नाही सोडलं. यंदा अकरावं वर्ष. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला असता तर मास्क भावजींच्या हाती देऊन मी घर गाठलं असतं, आणि एवढे सुंदर रविवार हातचे गेले असते. परवा सामन्यानंतर हे बेकरीवाल्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण आज तिसऱ्या डावात तुम्ही स्ट्राइक दिलेला तो चेंडू जरा खालून होता, त्याचं काय?"

तेवढं मात्र मी ऐकून घेतलं नाही.