अंजनाचा लाल हात

उमापूरच्या पारावर गावात आलेल्या एका बाबानं नुसतं बोट वर केलं आणि अख्खं गाव चिडीचूप! माझा तर जळफळाट झाला. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. घसा फोडला तरी माझ्या वर्गात एवढी शांतता होत नाही.

बाबापुढं परातीत नितळ पाणी. "जिनं करणी केली तिच्या हाताला रगत फुटंल! नागलोकातून आनलंय हे पानी!" नागलोकातून, तेही प्लास्टिकच्या कॅनमधून.

करणीची ओरड सुकन्याची. तिच्या शेळ्या गाभडल्या, पोटातली करडं गेली आणि त्याच आठवड्यात तिच्या जावेची, अंजनाची शेळी तीन करडं व्याली. सुकन्याच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

बायकांनी एकेक करून हात बुडवले. काही झालं नाही. अंजनानं बुडवला आणि पाणी लाल!

"बघा, म्या म्हनलं नव्हतं?" सुकन्या किंचाळली.

बाबानं शिक्षा सुनावली. नवऱ्यानं बायकोच्या डोक्यावर चप्पल ठेवायची, तिनं तशीच दारोदार माफी मागायची. अंजनाच्या नवऱ्यानं, बंकटनं इकडंतिकडं पाहिलं, पायातली चप्पल काढली आणि ठेवली. अंजना रडली नाही. एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली.

माझं डोकंच फिरलं. अंजनाची बोटं पिवळी होती. करडांच्या नाळेला हळद लावून ती आली होती, आणि सुकन्या ते सकाळी दारातून बघून तडक बाबाकडं जाताना मला दिसली होती. मी बाबाच्या पूजेच्या ताटातली हळद तळहाताला फासली, वर कॅनमधलं पाणी ओतलं. लाल!

"आता मीही चेटकीण का? बाबा, गंध लावायचं ते पिवळं बोट बुडवा की!"

बाबानं हात कफनीत लपवले. मी त्याच्याच ताटातलं लिंबू हातावर पिळलं. हात पुन्हा पिवळा.

"चुन्याची निवळी आहे ही! हळदीला चुना लागला की ती लाल होते. आणि शेळ्या रोगानं गाभडतात, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा!"

बाबानं कॅन टाकून धूम ठोकली. लोक फिदीफिदी हसले. "जाऊ दे अंजने, काढ ती चप्पल," कुणीतरी म्हणालं.

"ज्यानं ठिवली त्यानं काढावी," अंजना म्हणाली. "पानी लाल कावून झालं ते बाईंनी सांगितलं. तुमाला ते लगीच खरं कावून वाटलं, ते कोन सांगनार?"

हसणं थांबलं. बंकटनं चप्पल उतरवली, पण त्याला तिच्याकडं बघवलं नाही.

लोकहो, हेवा मलाही वाटतो, तुम्हालाही वाटणार. पण हेव्याला देवाचं नाव देऊन माणसाची अब्रू घेऊ नका. हळद आणि चुना घरातच आहेत. आधी स्वतःच्या हातावर करून बघा.