घशात घातलेला हात

माझी भाची गौतमी हिचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात पुण्याजवळच्या नांदे गावात आमच्या दारातच मांडव होता. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ साहेबराव, याने ऐपतीबाहेर जेवण घातलं. उरलेलं अन्न गोठ्यामागे ओतलं, त्यावर कुत्री जमली आणि त्यातलं एक थोरल्या म्हशीच्या नाकाडाला चावलं. साहेबरावाने त्याला काठी मारून हाकललं आणि परत जाऊन पुढाऱ्यांना जिलबी वाढू लागला. म्हशीचं नाक बघायला त्याला सवड नव्हती.

साहेबराव फोनवर बातम्या ऐकायचा. कुठं कोणता विषाणू निघाला, शास्त्रज्ञांना काय सापडलं, एकदा होऊन गेलेला रोग शरीर कसं ओळखून ठेवतं, सगळं ऐकायचा. बातम्या खोट्या असतील असं मी म्हणत नाही. पण त्याच्या कानात शिरलेली प्रत्येक बातमी आत जाऊन एकाच जागी बसायची : साहेबरावाची प्रतिकारशक्ती जबर आहे. करोनात त्याला साधी शिंक आली नव्हती. तेव्हापासून तो डॉक्टरांनाही शिकवू लागला होता.

आखाडात थोरल्या म्हशीनं वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. शेजारच्या सोसायटीवाल्यांची प्लास्टिकची पिशवी तिच्या घशात अडकली, असं साहेबरावाने ठरवलं. तिचं तोंड फाकून कोपरापर्यंत हात आत घातला. पिशवी नव्हतीच. हात बाहेर काढताना बोटांवर दात घासला, एवढंच झालं. हे मला भावजयीनं नंतर सांगितलं. तिनं त्यावर हळद लावली होती आणि विषय संपवला होता.

दोन दिवसांत म्हैस मेली. जनावरांचे डॉक्टर आले होते. ते म्हणाले, "लक्षणं रेबीजची आहेत. हिच्या तोंडात कुणी हात घातला होता का?"

दारात सोसायटीतल्या अपूर्वा मॅडम उभ्या होत्या. अख्खी सोसायटी त्यांचं ऐकून साहेबरावाकडून दूध घ्यायची.

"न्हाई," साहेबराव म्हणाला. "कशाला घालंल कोण?"

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गावानं रांग लावली. कुणी चहा प्यालं होतं, कुणी खीर खाल्ली होती. उकळलेल्या दुधानं काही होत नाही, असं नर्स घसा फोडून सांगत होती. ऐकतोय कोण! ग्रामपंचायतीचा माजी सदस्य हैबतराव तर म्हशीचा चहा निम्माच प्यालेला, तरी दंड उघडा करून सगळ्यांच्या पुढे. वर नर्सला विचारतो, "निम्म्याला निम्मी सुई चालंल का?" एरवी बायकांना शिव्या देणारा हा वाघ, सुई टोचताना डोळे मिटून बसला.

साहेबराव बाहेर गाडीवर बसून हसत होता. त्याच्या बोटांवर मला खपली दिसली.

"हाताला काय झालं रं?"

"पत्रा लागला."

"पत्र्याला दात असत्यात व्हय? तुझी बायको बोलली मला. चल आत."

"हळू बोल की आक्का! मॅडम हायेत तितं. मी सुई घेतली की झालं, दूध खराब म्हनून बोंब. दुसरी म्हस काय शोभेला बांधू?"

"आन् तू मेल्यावर धार कोन काढंल?"

"मला काय व्हतंय? बॉडी तयार हाय माझी."

"तुझ्या बॉडीची आन् त्या रोगाची सोयरीक झालीय व्हय रं, लगेच वळखायला?"

मी नर्सला हाक मारून सांगितलं, ह्याला आधी द्या, ह्याचा हात म्हशीच्या तोंडात होता. साहेबराव मोठ्यानं हसला. "आक्काचं वय झालंय. कालपासून काईबी बडबडतीया." रांग हसली. हैबतराव दंड चोळत सगळ्यात मोठ्यानं हसला. नर्स बाहेर येईपर्यंत साहेबराव गाडी सुरू करून गेला होता.

संध्याकाळी त्यानं सोसायटीच्या फाटकात दुसऱ्या म्हशीचं दूध पेला भरून कच्चंच पिऊन दाखवलं. अपूर्वा मॅडमनी फोनवर चित्रण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचं लक्ष पेल्याकडे. पेला धरलेला हात एवढ्या शिकलेल्या लोकांत एकालाही दिसला नाही.

मी पुढंही बोलत राहिले. साहेबरावाचा पोरगा प्रमोद हिंजवडीला नोकरीला. तो म्हणायचा, "आत्या, बाबांना वाटलं तर जातील ना." एवढंच. घरात गाडी होती, बापाला उचलून नेण्याइतकं अंगात बळ होतं. पण बापाचा शब्द मोडायचा नाही, हा आमच्या घरचा संस्कार. कशाला जपला कोण जाणे.

सप्टेंबर सरता सरता साहेबरावाच्या त्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग पाण्याचा तांब्या पुढं केला की घसा आवळायचा, डोळे मोठे व्हायचे. आता प्रमोदनं गाडी काढली.

पुण्यातल्या डॉक्टरांना प्रमोद म्हणाला, "पण बाबा कधी आजारीच पडत नव्हते."

डॉक्टर म्हणाले, "हा विषाणू नसेतून मेंदूकडे चढतो. शरीराला चाहूल लागेपर्यंत तो पोचलेला असतो. तेव्हाच लस घेतली असती तर वाटेतच अडला असता. आता आमच्या हातात काही नाही."

मधे मधे साहेबराव शुद्धीवर यायचा. मी जवळ गेले तर कुजबुजला, "आक्का, मॅडमला नको सांगू. दूध बंद करतील."

मरणाच्या दारातही त्याला दुधाचीच फिकीर. पण त्याला जाळून आलो, तशी मी थेट सोसायटीच्या फाटकात गेले आणि सगळं सांगितलं, कोपरापर्यंतच्या हातासकट. अपूर्वा मॅडमनी तोंडावर रुमाल धरला आणि विचारलं, "बाप रे! मग त्या दिवशीचं दूध?"

हैबतराव तिसऱ्याच्या कार्यक्रमालाही आला नाही. हवेतून लागतं, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं.

माझा भाऊ साहेबराव तुळशीराम गायकवाड रविवारी, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी दवाखान्यात वारला.