सगळं हिरवं

"हात काढ! त्या माऊसवरून हात काढ आधी!" वेस हालोनेन खुर्चीतून अर्धा उठलाच.

मार्लिसनं हात झटकन मांडीवर घेतला. पडद्यावरची लाल ओळ जागच्या जागी लुकलुकत राहिली.

"काय दाबत होतीस?"

"'पाहिलं'."

"का?"

"लाल होती म्हणून."

वेसनं कपाळाला हात लावला, पण त्याला हसूही आलं. "अगं बाई, 'पाहिलं' म्हणजे पाहिलं. दुरुस्त झालं नव्हे. ती ओळ इथून उठून मागच्या पानावर जाऊन बसते, एवढंच. सोमवारचं विसरलीस?"

सोमवारचं विसरणं शक्यच नव्हतं. वेस दातांच्या डॉक्टरकडे गेला होता आणि मार्लिस किवेला पहिल्यांदाच त्या दोन पडद्यांसमोर एकटी होती. एकेक लाल ओळ येत गेली, तशी ती इमानेइतबारे 'पाहिलं' दाबत गेली. यादी अशी लख्ख झाली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. उठून तिनं कॉफीसुद्धा करून आणली. आणि तिकडे ओढ्याकाठची अख्खी आळी दुपारपर्यंत फोनविना बसली होती.

वेसनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डावीकडे झाड. वर टेलिफोन संस्थेचं ऑफिस, त्याखाली रस्त्यांवरच्या पेट्या, पेटीत कार्डं, आणि कार्डाच्या प्रत्येक खाचेला एक घर. फांदी उघडायची तर शेजारच्या अधिकच्या खुणेवर टिचकी मारायची. उजवीकडे तक्रारींची यादी. लाल म्हणजे पळा, नारिंगी म्हणजे बघा, पिवळी म्हणजे जेवून या. घराच्या नावावर उजवी टिचकी मारली की मेनू उघडतो, त्या मेनूच्या पोटातून दुसरा, त्याच्या पोटातून तिसरा. मार्लिसला तिथेच चकवा लागायचा. आत जायची वाट सापडे, बाहेर यायची सापडत नसे.

"आणि हे नीट बघ," वेस म्हणाला. "लाल ओळ दोन जातींची. नुसती लाल असेल तर तार तुटली, घर बोलता बोलता गप्प झालं. शेजारी 'शेवटचा श्वास' लिहिलेलं असलं तर तार शाबूत आहे, घरातल्या फोनच्या डब्याची वीज गेली. जाता जाता एवढं एक वाक्य सांगण्यापुरता जीव त्या डब्यात ठेवलेला असतो."

"सांगतो कुणाला?"

"तुला. आणखी कुणाला?"

मार्लिसनं आयुष्यभर याच ऑफिसात बिलाची खिडकी सांभाळली होती. लोक चेक द्यायला येत आणि तासभर बोलून जात. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या हरणाला गोळी चाटून गेली, सगळं त्या खिडकीत कळे. मग लोक फोनवरूनच बिल भरू लागले. गेल्या उन्हाळ्यात खिडकीवर फळी ठोकली आणि मार्लिसला मागच्या खोलीत आणून बसवलं. नवरा, रे, त्याआधीच गेला होता. तळ्याकाठचं घर विकून ती हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होती. रविवारी एखादा शब्द बोलायचा म्हटला तर आधी घसा खाकरावा लागे, इतकी तिच्या आवाजाची सवय मोडली होती.

मॅनेजर गॉर्डी नूर्मी वाईट माणूस नव्हता, पण त्यानं आडपडदा ठेवला नाही. "वेस कायमचा चालला ॲरिझोनाला. संचालक मंडळ म्हणतं, हे पडदे डुलुथ शहरातल्या कंपनीला देऊन टाका, स्वस्त पडतं. मी म्हटलं, महिनाभर मार्लिसला बघू द्या. महिनाअखेर लाल ओळी किती आणि किती वेळ राहिल्या, तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवीन. आणि एक. पाळी असताना खुर्ची सोडायची नाही. घराला आग लागली तरी नाही."

"माझ्या की ऑफिसच्या?"

"कुठल्याही."

ती हसली. ही खुर्ची गेली तर सकाळी उठून कपडे कशासाठी करायचे, हा प्रश्न होता. पैशाचं कसंतरी भागलं असतं.

शनिवारची पाळी तिनं आपणहून मागून घेतली. शनिवारी दुपार कलली की यादीत न चुकता एक लाल ओळ उमटे. शेजारी 'शेवटचा श्वास'. तळ्यापलीकडच्या रस्त्याचं शेवटचं घर, आर्वो रुओना. दोन तासांनी घर आपोआप हिरवं होई. पहिल्या शनिवारी मार्लिस घाबरली होती. लाइन परत आल्याबरोबर तिनं फोन लावला.

"आर्वो, मी टेलिफोन ऑफिसातून मार्लिस. तुमची लाइन दोन तास बंद होती."

"सौना," आर्वो म्हणाला.

"म्हणजे?"

"घर जुनं. वीज एकतर सौनाच्या भट्टीला, नाहीतर मागच्या पडवीला. तुमचा डबा पडवीत."

"बरं मग."

"बरं."

फिनिश माणसाच्या मानानं हे भाषणच झालं. इथल्या फिनिश घरांत शनिवारची सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, कधी चुकत नसे. पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा फोन केला. कारण काय ते ठाऊक होतं, तरी केला. त्यानं 'सौना' म्हटलं, आणि मग तळ्याच्या कडेला बर्फ धरू लागलंय, असंही सांगितलं. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं विचारलं, सौनाला कोण कोण येतं?

"पूर्वी यायचे," तो म्हणाला.

वेसला हा प्रकार मंजूर नव्हता. "त्या म्हाताऱ्याच्या अंघोळीपायी तुझा कागद लाल होतोय. दर शनिवारी दोन तास! गॉर्डीला ते कसं दिसेल? हे बघ, इथे उजवी टिचकी, इथे 'गप्प ठेवा', इथे वार निवड, शनिवार. झालं. ओळ येणारच नाही."

मार्लिसनं मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. "हे पान काही माझ्या डोक्यात शिरत नाही बाई."

"तीनदा दाखवलं!"

"वय झालं माझं."

पान तिला पाठ होतं. वेसनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि जेवणाचा डबा उघडून सँडविच खाऊ लागला.

वेसचा निरोपाचा केक कापला गेला. नंतरचा पहिला शनिवार उजाडला, मार्लिसच्या परीक्षेच्या महिन्यातला शेवटचा. मार्लिस आता पूर्ण एकटी होती आणि यादी रिकामी होती. तिनं मागचं पान पाहिलं, तेही रिकामं. झाडाच्या सगळ्या फांद्या उघडल्या. सगळं हिरवं. असाच दिवस गेला तर सोमवारी गॉर्डी तिच्या हातात पक्कं पत्र ठेवणार, हे तिला कळत होतं.

दुपार कलली. लाल ओळ आली नाही.

ती वाट बघत राहिली. खिडकीबाहेर स्प्रूसच्या झाडांच्या सावल्या रस्ताभर लांबल्या. तिनं आर्वोच्या नावावर उजवी टिचकी मारली आणि मेनूच्या पोटातल्या मेनूत शिरली. काचेच्या तारेतल्या उजेडाची पातळी उत्तम. खाच उत्तम. 'किती वेळ सलग चालू'? परवापासून, एक क्षणही खंड नाही. म्हणजे आज भट्टी पेटलीच नव्हती. पडद्याच्या दृष्टीनं याहून चांगलं घर साऱ्या तालुक्यात नव्हतं.

शनिवारी सौना न तापवणारा फिनिश म्हातारा एकतर हॉस्पिटलात असतो, नाहीतर त्याच्याही पलीकडे. तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

मग तिनं शेरीफच्या ऑफिसात, पोलिसांना, फोन केला. तिथली पोरगी विनयशील होती.

"लाइन बंद आहे का मॅडम?"

"नाही, चालू आहे."

"काही तक्रार आलीय?"

"तक्रार आली नाही, हीच तक्रार आहे."

"आज हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस आहे, मॅडम. सगळ्या गाड्या जंगलात आहेत. अंधार पडल्यावर बघू."

मार्लिसनं यादीकडे पाहिलं. रिकामी. घडणारं सगळं सांगणारे रकाने त्या पडद्यावर होते, पण न घडलेलं सांगणारा एकही नव्हता. तिनं कोट उचलला. दारात थबकून खुर्चीकडे एकदा पाहिलं, मग किल्ल्या घेऊन ती निघाली.

रस्ता तळ्याला वळसा घालून जात होता. वाटेत ती स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती. "उठा हो आर्वो. पडला असाल तर उठून बसा. माझ्या डोक्याला ताप नको."

आर्वोच्या अंगणात गाडी वळली तेव्हा घराच्या बाजूची बुटकी लाकडी खोली वाफाळत होती. दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेला, उकडलेल्या बीटासारखा लाल झालेला एक उंच म्हातारा बाहेर आला. बाहेर गोठवणारी थंडी आणि हा उघड्या अंगानं उभा.

"कोण?"

"मार्लिस. टेलिफोनमधली."

तो तिच्याकडे पाहत राहिला. इतके शनिवार बोलून दोघं एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होते. तिला आधी रागच आला.

"तुम्ही सौनात आहात!"

"शनिवार आहे."

"मग लाइन बंद का नाही झाली?"

"वेस येऊन गेला गुरुवारी. डब्याची वायर स्वयंपाकघरात नेली." त्यानं दारामागचा कोट ओढून खांद्यावर टाकला. "म्हणाला, तुझी लाल ओळ त्या बाईची नोकरी खाईल."

मार्लिस गाडीला टेकली. खिशात तिचा फोन थरथरला. गॉर्डी.

"कुठे आहेस तू? शाळेकडची पेटी बसलीय! मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी टीव्हीवरची मॅच ऐन रंगात बंद पडली, त्यांनी मला फोन केला. ऑफिसात येऊन बघतो तर ओळ लालभडक आणि खुर्ची रिकामी!"

"मी आर्वो रुओनाकडे आलेय."

"तिथे काय बिघडलंय?"

तिनं आर्वोकडे पाहिलं. "काही नाही."

गॉर्डी पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला राग गेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "पेटीचं मी बघतो. तू... सोमवारी बोलू, मार्लिस. मी त्यांना काय सांगू आता?"

सोमवारी काय होणार ते दोघांनाही कळलं होतं. तिनं फोन खाली घेतला.

"नोकरी गेली?" आर्वोनं विचारलं.

"गेली."

तो पायातल्या लाकडी सपातांकडे पाहत उभा राहिला.

"मी खाणीत इलेक्ट्रिशियन होतो," तो शेवटी म्हणाला. "निवृत्त होईपर्यंत तेच केलं."

"मग?"

"डब्याची वायर स्वयंपाकघरात न्यायला पाच मिनिटं लागतात. मला काय कळत नव्हतं?"

मार्लिसला एकदम रडू आलं, आणि तिनं ते थंडीच्या नावावर खपवलं, नाक पुसून टाकलं.

"मी 'गप्प ठेवा' दाबू शकत होते," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून."

आर्वोनं मान हलवली. त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे. तो आत गेला आणि एक जाडाभरडा, कडक वाळलेला टॉवेल घेऊन आला.

"दगड तापलेले आहेत. पाणी बादलीत आहे. मी आत जाऊन कॉफी ठेवतो."

"नको, मी निघते."

"कुठे?"

खरंच, कुठे? ऑफिसात गॉर्डी होता. दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत कुणीच नव्हतं. तिनं टॉवेल घेतला.

आत वरच्या फळीवर ती बसली. रे गेल्यापासून ती सौनात बसली नव्हती. लाकडाचा तापलेला वास होता, छोट्या काचेतून तळ्यावरचा शेवटचा उजेड दिसत होता. तिनं डावभर पाणी दगडांवर ओतलं. चर्रकन आवाज झाला आणि वाफ खांद्यांवर येऊन बसली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग बाहेरून लाकडी भिंतीवर दोनदा टकटक झाली.

"ठीक आहेस ना?" आर्वोचा आवाज आला.

मार्लिसनं तोंडावरची वाफ पुसली. या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय गेली होती, म्हणून ती घसा खाकरायला गेली. पण खाकरावं लागलं नाही.

"आहे," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ बसते."