नसलेली भेग

ओर्सोला कारखान्यात शिरली ती हातात एवांद्रोनेच छापलेलं चित्र घेऊन, आणि तिने ते सरळ त्याच्या तोंडावर फेकलं.

"दाखव मेल्या, कुठे आहे ही भेग?"

चित्र रोमच्या गुरांच्या माळावरच्या जुन्या कमानीचं होतं. त्या कमानीच्या पोटातच भिंती घालून ओर्सोलाच्या सासऱ्याने घर केलं होतं. चाळीस वर्षं ती तिथेच राहून दूध विकत होती. चित्रातल्या कमानीला वरपासून खालपर्यंत भेग होती. खऱ्या कमानीला केसाएवढीही नव्हती.

"मावशी, परदेशी गिऱ्हाइकाला मोडकंच लागतं," एवांद्रो पुटपुटला. "धडधाकट कमान कोण घेणार?"

तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, त्यात सुईने चित्र कोरायचं आणि पत्रा तेजाबात बुडवायचा, हे त्याचं काम. ती भेग काळीकुट्ट दिसावी म्हणून त्याने पत्रा दुसऱ्यांदा बुडवला होता आणि स्वतःवरच खूश झाला होता.

"अरे, सरदाराच्या कारभाऱ्याने हेच चित्र कचेरीत दाखवलं! कमान धोक्याची, पाडा म्हणे. दगड जाणार सरदाराच्या नव्या हवेलीला. आणि मी कुठे जाऊ? तुझ्या तेजाबात?"

एवांद्रो तणतणत कचेरीत गेला. भेग खोटी आहे, म्हणाला. कारकुनाने चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं: 'प्रत्यक्ष जागेवर पाहून काढले.'

"हे तुम्हीच लिहिलंत ना? मग तेव्हा खोटं बोललात की आता?"

"अहो, ते सगळेच लिहितात!" एवांद्रो ओरडला.

"मग सगळ्यांच्याच कमानी पडतील," कारकून जांभई देत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी कमानीपाशी मजूर आले. एवांद्रोही धावत आला. पहारी घसरत होत्या, दगड हलत नव्हता. मुकादम चित्र घेऊन कमानीभोवती तीनदा फिरला.

"चित्रकार, ही भेग कुठाय हो? तिथूनच सुरुवात केली असती."

दुधाच्या हंड्यांशेजारी बसलेली ओर्सोला उठली. तिने एक पहार उचलून एवांद्रोच्या हातात कोंबली. "सांग ना. तुलाच ठाऊक ती कुठे आहे."

एवांद्रोने पहार जमिनीवर आपटली. संतापाने त्याचा आवाज फाटला. "नाहीच आहे ती! मी काढली! मी!"

मुकादमाने खांदे उडवले. शिडीवर चढून, चित्रात बघत बघत, त्याने कोळशाने कमानीवर वरपासून खालपर्यंत तशीच वाकडीतिकडी रेघ ओढली.

"आता आहे," तो म्हणाला, आणि पहिला घाव तिथेच पडला.