स्वतःहून काळा होणारा आरसा

हिंदुरावांचं पत्र दिवाळीच्या आधी आलं आणि संक्रांत उलटून गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र होतं. ते अजून मिळतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. हिंदुराव फॅक्टरीत मशीन शॉपला होते, मी कचेरीत. कामगारांच्या वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची, एवढाच आमचा संबंध. पण जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या बाकावर मी कधीकधी मोठ्यानं वाचायचो आणि चार-पाच जण डबा खात ऐकायचे. त्यांत हिंदुराव पुढे. मला चारचौघांत बोलता येत नाही. वाचता येतं, कारण ते दुसऱ्याचं असतं.

निवृत्तीनंतर ते बारवी धरणाजवळच्या आपल्या वाडीवर परतले. पत्रात लिहिलं होतं : 'साहेब, इथं शनिवारी दिवेलागणीनंतर शाळेच्या ओट्यावर माणसं जमतात. मोबाइलचा कंटाळा आला म्हणून जमतात असं नाही, रेंजच नसते. मी त्यांना तुमच्या वाचण्याबद्दल सांगून बसलोय. भातं झोडून झाली की या. जमलं तर मुक्कामाला या.'

मुक्काम मला शक्य नव्हता. दुसऱ्याच्या घरी मला झोप लागत नाही, आणि सकाळी संडासला जायचं आहे हे यजमानांना सांगण्यापेक्षा मी उपाशी राहणं पसंत करतो. तेव्हा जायचं तर आपल्या गाडीनं जायचं आणि अंधारात परत यायचं. अंधारात गाडी चालवणं मात्र मी दसऱ्यानंतर सोडलं होतं.

गाडी आमच्या लेकीची, चैत्रालीची. बंगळूरला बदली झाली तेव्हा ती आम्हाला देऊन गेली. पहिले काही महिने मी रात्रीही बदलापूरपर्यंत जाऊन यायचो, काही वाटायचं नाही. दसऱ्यानंतर मात्र मागच्या गाड्यांचे दिवे आरशातून असे डोळ्यांत घुसायला लागले की समोरचा रस्ताच दिसेना. म्हातारपण असंच येत असणार, एखाद्या सणानंतर, असं मी धरून चाललो. अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून डोळे उत्तम आहेत असं सांगितलं. ते स्वभावानं भिडस्त असावेत असं मला वाटलं.

म्हणून उत्तर राहिलं. 'येतो' लिहिता येत नव्हतं आणि 'येत नाही' लिहवत नव्हतं.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी शेजारचे गुरुदत्त माझ्याबरोबर गाडीत होते. ते मोठ्या कंपनीत अधिकारी होते आणि प्रत्येक गोष्टीचं बटण कुठे असतं हे त्यांना माहीत असतं. अंधार पडत आला होता. मागून डंपर आला तसा मी कपाळावर हात धरला.

"अहो, आरसा बंद आहे का तुमचा?"

"आरसा कसा बंद असेल? दिसतंय की त्यात."

"दिसतंय हेच तर चुकतंय! हा टॉप मॉडेलचा आरसा. मागून झगझगीत उजेड आला की स्वतःहून काळा पडतो. तुमच्या लेकीनं सांगितलं नाही?"

सांगितलं असेल. मी तेव्हा माना डोलावत होतो. गुरुदत्तांनी आरशाखालचं बटण दाबून पाहिलं. हिरवा ठिपका लागला, आरसा काही काळा पडला नाही.

"गेला," ते म्हणाले. "उल्हासनगरला जा. तिथं आरसाच काय, अख्खी गाडी बदलून मिळते."

मला हलकं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. दोष आरशाचा असेल तर मी तीन महिने उगाच स्वतःला कोसत होतो. आणि आरसा सुधारला तर हिंदुरावांना सांगायला कारण उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला दिपेशच्या दुकानात गेलो. सीट कव्हर, हॉर्न, मॅटिंग यांच्या ढिगात तो मांडी घालून बसला होता.

"आवो अंकल. काय लावायचं? कॅमेरा? म्युझिक?"

"आरसा," मी म्हणालो, आणि पुढची सगळी हकीगत घाईघाईत सांगितली. डॉक्टरांचीही सांगितली.

तो हसला. गाडीत येऊन त्यानं आरशाला रात्र वाटावी म्हणून त्याच्या पाठीमागच्या बाजूला अंगठा दाबला आणि पुढून काचेवर मोबाइलची बॅटरी मारली. आरसा लखलखत राहिला. आरशाच्या चौकटीवर वर मधोमध दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू होतं. तिथं बोट जाताच दिपेशनं हात मागे घेतला.

"सॉरी सॉरी, पूजेचं आहे. हात नाही लावत. साईं, याचा सर्किट उडाला. रिपेअर कोण नाय करणार. नवीन टाका, ओरिजिनल देतो. अर्ध्या तासाचं काम."

नवा बसवल्यावर त्यानं पुन्हा तसंच केलं, मागे अंगठा, पुढे बॅटरी. आरसा हळूहळू निळसर झाला, मग गडद. दिव्याचा गोळा पिकल्या बोरासारखा मऊ दिसू लागला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"बघा, गॉगल घातला त्याने," दिपेश म्हणाला. जुना आरसा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "कुंकू लागलंय. भंगारमध्ये नाय टाकत मी. घरी न्या."

घरी आलो तेव्हा माझी बायको वृंदा ताम्हन घेऊन खालीच उभी होती. मी निघताना तिला फोन केला होता, ती माझी चूक.

"नवी वस्तू आली गाडीत," ती म्हणाली. "सरका."

तिनं आरशाला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, गाडीच्या नाकाशी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला. "आता हिंदुरावांना लिहा," म्हणाली.

"एकदा चालवून बघतो. मग लिहितो."

दिवे लागल्यावर मी एकटाच बदलापूरच्या रस्त्याला लागलो. पहिल्याच मोठ्या गाडीनं मागून दिवे टाकले आणि आरसा पेटल्यासारखा झाला. मी वाट पाहिली. म्हटलं, नवा आहे, सवय व्हायला वेळ लागत असेल. दुसरी गाडी आली, तिसरी आली. काही नाही. मी बाजूला एका रसवंतीपाशी गाडी उभी केली आणि स्टीयरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. आरसा दुकानात चालला होता. म्हणजे आरसा चांगला. म्हणजे बिघाड माझ्यातच. दुकानात तो काळा पडलेला मी पाहिला हेही खरं होतं का, अशी शंका यायला लागली.

घरी येऊन लिहायला बसलो. 'प्रिय हिंदुराव, डोळ्यांच्या तक्रारीमुळे...' एवढं लिहिलं आणि थांबलो. ज्या गोष्टीची खात्री नाही ती शाईनं लिहायला माझा हात धजत नाही. दिपेशकडे जाऊन तक्रार करणं हा एक मार्ग होता, पण विकत घेतलेली भाजी किडकी निघाली तरी मी ती परत करत नाही. दुसरा मार्ग माझ्या सवयीचा होता. गाडीच्या कप्प्यात माहितीपुस्तक होतं. प्लास्टिकचं वेष्टन अजून तसंच. मी ते वर आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

सीटबेल्ट झाले, वायपर झाले. आरशाचं पान आलं. त्यात आरशाचं चित्र होतं आणि चौकटीच्या वरच्या कडेला मधोमध एका काळ्या ठिपक्याकडे बाण दाखवला होता. मागून येणारा उजेड हा ठिपका ओळखतो, असं लिहिलं होतं. त्याच्यावर काहीही चिकटवू नये, तो झाकला तर आरसा काळा होणार नाही.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग वर्तमानपत्र सोडून जुना आरसा दिव्याखाली धरला. कुंकू वाळून कडक झालं होतं. त्याच्याखाली तो ठिपका होता. नव्यावरही वृंदानं आज नेमकं तिथंच बोट टेकवलं होतं.

गुरुदत्तांनी ते पाहिलं होतं, दिपेशनं पाहिलं होतं, मी तर रोज पाहत होतो. कुणाच्याही मनात ते पुसायचं आलं नव्हतं. कुंकू कोण पुसतो?

आता हे वृंदाला सांगणं आलं. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मी पुस्तक उघडं धरून दारात उभा राहिलो.

"काय झालं? उभे का असे, शाळेतून चिठ्ठी आणल्यासारखे?"

"अगं, ते आरशाचं... तुझ्या कुंकवाचं..." मी पुस्तकच तिच्यापुढे धरलं.

तिनं पिठाचे हात वर धरून वाचलं. चित्र पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग तव्यावरची भाकरी उलटली.

"तिथंच तर त्याचं कपाळ आहे," ती म्हणाली. "दुसरं कुठं लावणार होते मी?"

"तसं नाही, तुझी चूक असं माझं म्हणणं नाही..."

"माझीच चूक. पण मला एक सांगा. दसऱ्यापासून तुम्ही डोळ्यांवर खापर फोडलंत. डॉक्टर चांगले आहेत म्हणाले तर डॉक्टरवर फोडलंत. आज आरशावर फोडून आलात. हिंदुरावांकडे वाचायला जायची मला भीती वाटते, हे काही एकदाही तोंडातून निघालं नाही."

मी पुस्तक मिटलं.

"वाटते ना?"

"वाटते," मी म्हणालो. "तेव्हा डबे खात ऐकायचे सगळे. निम्मं लक्ष डब्यात असायचं. तिथं नुसते माझ्याकडे बघत बसतील."

"मग मी येते डबा घेऊन," वृंदा म्हणाली. "पुरणपोळ्या करते. बघू कोण तुमच्याकडे बघतंय."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती ओला रुमाल घेऊन खाली उतरली. देवाला हात जोडले, रुमालानं तो ठिपका हलकेच पुसला, कुंकवाचं बोट स्टीयरिंगच्या मध्यावर टेकवलं आणि शेजारी बसली. आम्ही बदलापूरला निघालो. मागून एक डंपर आला. त्याचे दिवे आरशात उगवले, वाढले, आणि मग कुणी पडदा ओढावा तसे विझत विझत दोन पिवळसर टिकल्यांएवढे झाले. समोरचा रस्ता मला स्वच्छ दिसत होता. खड्डेसुद्धा.

"झाला काळा?" वृंदानं मान वर करून विचारलं.

"झाला."

"मग रडताय कशाला?"

"रडत नाहीये. हसतोय."

बदलापूरला स्टेशनापाशी आम्ही एकेक वडापाव खाल्ला. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम मागच्या गाड्यांना पुढे जाऊ दिलं नाही. वृंदा म्हणाली, लोक शिव्या घालतायत. म्हटलं, घालू देत, मला त्यांचे दिवे हवे आहेत.

शुक्रवारी जुना आरसा स्वच्छ पुसून दिपेशकडे नेला. खरं तर जायची गरज नव्हती, पण एक चांगला आरसा बिघडलेला समजून घरात पडून राहावा हे मला पटेना. दोनदा दुकानासमोरून गेलो आणि तिसऱ्यांदा आत शिरलो. त्यानं तो वायरला जोडून बॅटरी मारली. जुना आरसा शहाण्यासारखा काळा झाला. दिपेश कपाळावर हात मारून घेत शेजारच्या दुकानदाराला ओरडला, "अरे सुन, कुंकू होता! मैंने सर्किट बोल दिया!" आणि मला म्हणाला, "अंकल, माझ्या स्वतःच्या गाडीला मम्मीनं लावलंय. तिथंच. मी म्हणतो, आरसा कंपनीचाच खराब आला." त्यानं जुना आरसा परत बसवून दिला, नवा ठेवून घेऊन त्याचे पैसे परत केले आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. चहा पिऊन होईस्तोवर तो आपली गाडी पुसून आला होता.

त्या दुपारी मी हिंदुरावांना लिहिलं. उशिराबद्दल क्षमा मागितली, थोडक्यात. पुढच्या शनिवारी दिवेलागणीला पोचतो असं लिहिलं. बरोबर वृंदा येत आहे, पुरणपोळ्या येत आहेत. मुक्काम करणार नाही, आमचा आरसा आता चांगला आहे. हे शेवटचं वाक्य त्यांना कळणार नाही हे माझ्या लक्षात आलं, पण खोडायला गेलो तर कागद खराब होईल म्हणून राहू दिलं. तिथं गेल्यावर सांगीन. वाचायच्या आधी सांगायला काहीतरी असलेलं बरं.

स्टेशनाबाहेरच्या टपालपेटीपाशी वृंदानं मला उतरवलं असं म्हणता येणार नाही, कारण गाडी मीच चालवत होतो. पण तिनं दार उघडून दिलं. मी पत्र पेटीत टाकलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येताच लक्षात आलं की खाली सही केली की नाही, ते काही आठवत नाही. मी पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. दोन पेरांपुढे जात नव्हती.

गाडीतून वृंदानं हॉर्न वाजवला. "आता काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "अक्षर ओळखतील ते."